लेकराच्या पोटाला गाठ लागली तर

लहान लेकराच्या पोटातली गाठ पहिल्यांदा सापडते ती बहुतेक वेळा आईच्या नाहीतर आजीच्या हाताला. न्हाऊ घालताना, तेल लावताना, चड्डीची नाडी बांधताना. लेकरू खेळत असतं, खात असतं, ताप नसतो, रडारड नसते. एका अंगाला पोट जरा टणक लागतं, एवढंच. आमच्याकडं येणाऱ्या बाया सांगतात, "मॅडम, डाव्या अंगाला काहीतरी हाताला लागायलंय." हे बाईच्या लक्षात येतं तो एक दिवस, आणि ते लेकरू सोनोग्राफीच्या टेबलावर येतं तो दुसरा. या दोन दिवसांमधल्या अंतराबद्दल मला लिहायचंय. या आजारात बरंच काही आपल्या हातात नसतं, पण हे अंतर कमी करणं नक्की असतं.

मी अंबाजोगाईत रेडिओलॉजिस्ट आहे. शिकले इथंच, स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयात. केज, धारूर, वडवणी, परळी, रेणापूर, सगळ्या बाजूंनी लोक दवाखान्यासाठी आमच्या गावाला येतात. माझ्या सेंटरवर दिवसभराचं काम म्हणजे गरोदर बाया, मूतखडे, अपेंडिक्स, पित्ताशय. मुलांच्या पोटातल्या गाठी त्या मानानं फार कमी. पण त्या लेकरांपैकी एकही मी विसरलेले नाही.

हे अंतर कशानं वाढतं ते आमच्या भागात कुणाला सांगायची गरज नाही. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला कोयते निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल घेतलेली, आणि लेकरं सोबत. कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी थेट कर्नाटकात. फडाजवळ कोपी टाकायची, पहाटे तोडायला लागायचं, ट्रॅक्टर येईल तेव्हा मोळ्या भरायच्या, मग ती रात्र असो की काही असो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा लेकरं तपासतं; ते गावात येतं तेव्हा आमचं लेकरू शेकडो किलोमीटर लांब. खाडा केला की पैसे कापले जातात. मग "पट्टा पडला की दाखवू" असं ठरतं, आणि पट्टा पडतो, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपतो, मार्च-एप्रिलमध्ये.

पण सगळं ऊसतोडीवर ढकलूनही चालणार नाही. गावातच असलेल्या, बऱ्या परिस्थितीतल्या घरांतही आधी जंताचं औषध होतं. मग बेंबी सरकली म्हणून कुणाकडून तरी पोट चोळून घेतात. काही लेकरांच्या पोटावर मी बिब्ब्याचे चट्टे पाहिलेत, डागाच्या खुणा पाहिल्यात. आजीवर मी रागावत नाही, तिनं जे केलं ते मायेनंच केलं. पण एक गोष्ट मात्र प्रत्येक आजीला हात धरून सांगते: गाठ लागतेय अशी शंका आली की पोट चोळायचं नाही, दाबायचं नाही, पुन्हा पुन्हा चाचपून बघायचंसुद्धा नाही. किडनीची गाठ पातळ पापुद्र्यात असते. ती फुटली तर तिच्यातल्या पेशी पोटभर पसरतात आणि जो आजार एका जागी होता त्याची पायरी वाढते. मग औषधं जास्त लागतात, कधी रेडिएशनही द्यावं लागतं. हे डॉक्टर मंडळींनाही लागू आहे. वॉर्डात अशी मुलगी दाखल झाली की दहा शिकाऊ डॉक्टरांनी एकामागून एक पोट दाबून बघायचं, हे बंद व्हायला हवं. हातानं जे कळायचं ते एकाच्या हाताला कळलेलं असतं. पुढचं काम मशीनचं.

आणि ते मशीन म्हणजे सोनोग्राफी. सीटी नव्हे, एमआरआय नव्हे. मुलांच्या पोटातल्या गाठीसाठी पहिली तपासणी सोनोग्राफीच, जगात कुठंही गेलात तरी. तिच्यात किरणं नसतात, आवाजाच्या लहरी असतात, माणसाच्या कानाला ऐकू न येणाऱ्या. लेकराला झोपवायचं औषध लागत नाही, सुई नाही. शिवाय लेकराचं अंग बारीक, पोटावर चरबी नाही, त्यामुळे मोठ्या माणसापेक्षा चित्र कितीतरी स्वच्छ येतं. साठ वर्षांच्या जाड माणसाची किडनी धुक्यात दिसते. तीन वर्षांच्या पोरीची किडनी, तिच्यातल्या शिरांसकट, स्पष्ट दिसते.

मशीनबद्दल आणखी एक. आमच्या दारावर गर्भलिंग निदान केले जात नाही ही पाटी आहे, कायद्यानं प्रत्येक मशीनची नोंद आहे. बीड जिल्ह्यात मुलींच्या बाबतीत जे होऊन गेलं ते पाहिलेल्या कुणालाही हा कायदा किती गरजेचा आहे ते माहीत आहे, मी त्याच्या पूर्ण बाजूची आहे. पण त्याचा अर्थ असा की मशीन गाडीत टाकून फडावर किंवा तांड्यावर नेता येत नाही. लेकरालाच मशीनपर्यंत आणावं लागतं. म्हणून आशाताईंचं, अंगणवाडीताईंचं काम फार मोलाचं.

धारूरकडची एक मुलगी सांगते. तिचं नाव-गाव लिहिणार नाही. साडेतीन वर्षांची, कर्नाटकातून कारखान्याचा पट्टा अर्धा सोडून आई घेऊन आली होती. आल्यावर ती टेबलावर झोपायला तयार नव्हती, मग आईलाच टेबलावर टेकून बसवलं आणि मुलीला तिच्या मांडीवर आडवं केलं. जेलची बाटली मी कोमट पाण्यात ठेवते, गार जेल पोटावर पडलं की लेकरं बिथरतात. हातात बिस्किटाचा पुडा दिला. पहिल्यांदा प्रोब, म्हणजे मशीनचा पोटावर फिरवायचा भाग, ठेवला तो डाव्या अंगाला, जिथं काही नव्हतं तिथं; तिला कळावं की दुखत नाही. डावी किडनी छान होती.

मग उजवीकडं गेले. यकृताच्या खाली मोठा गोल गोळा, आत मध्ये मध्ये पाण्याच्या पोकळ्या. पहिला प्रश्न असतो, हा गोळा कुणाचा? यकृताचा, किडनीचा, किडनीवरच्या ॲड्रिनल ग्रंथीचा, की यांच्यातल्या कुणाचाच नाही? याचं उत्तर मिळवायची माझी आवडती पद्धत म्हणजे प्रोब स्थिर धरून लेकराला श्वास घेऊ देणं. श्वासासरशी यकृत खालीवर होतं. गोळा यकृताबरोबर एकजीव सरकतो की यकृत त्याच्यावरून घसरतं, ते बघायचं. इथं यकृत घसरत होतं. मग गोळ्याची कड शोधत गेले. खालच्या बाजूला किडनीचा उरलेला भाग सापडला, खेकड्याच्या नांगीसारखा गोळ्याला दोन्हीकडून धरून बसलेला. म्हणजे गाठ किडनीतूनच उगवलेली. साडेतीन वर्षं, किडनीतून उगवलेली, गोल गरगरीत गाठ. ही बहुतेक विल्म्स ट्यूमर, म्हणजे लहान मुलांच्या किडनीचा कॅन्सर.

पण इथं थांबले असते तर काम अर्धवट राहिलं असतं. मी रंगीत डॉपलर, म्हणजे वाहतं रक्त रंगात दाखवणारी सोय, लावून किडनीची शीर बघितली. ती फुगलेली होती आणि तिच्यात रक्ताचा रंग भरत नव्हता. तिथून पुढं व्हेना कावा, म्हणजे खालच्या अंगातलं सगळं रक्त हृदयाकडं नेणारी मोठी शीर. गाठीचं एक टोक त्या शिरेत शिरलं होतं. ते कुठपर्यंत गेलंय? यकृताच्या खाली थांबलंय, यकृताच्या मागं पोचलंय की थेट हृदयाच्या कप्प्यात? या उत्तरावर ऑपरेशन कसं करायचं, कधी करायचं, हार्टचे सर्जन सोबत लागतील का, हे सगळं ठरतं. तिचं टोक यकृताच्या खालीच थांबलं होतं. मी ते तीन वेळा बघितलं. तोवर तिचा बिस्किटाचा पुडा संपत आला होता.

विल्म्स हे नाव मॅक्स विल्म्स या जर्मन सर्जनचं. त्यानं १८९९ मध्ये या गाठींवर पुस्तक लिहिलं. तेव्हा ही गाठ म्हणजे लेकरू गेल्यातच जमा होतं. आज चांगली सोय असलेल्या देशांत विल्म्स झालेल्या १० मुलांपैकी ९ बरी होतात. औषधं जुनीच आहेत, व्हिन्क्रिस्टिन आणि ॲक्टिनोमायसिन, आपल्याकडंही मिळतात. बरं होण्यातला फरक पडतो तो किती लवकर आणि नीट पोचलो यानं. हे आकडे मी आई-बापांना आवर्जून सांगते, कारण कॅन्सर हा शब्द ऐकला की आमच्याकडं माणसं लेकरू घरी न्यायच्या तयारीला लागतात. "पोरीला एवढं कुठं" हेही मी ऐकलंय. तेव्हा मी बापाला बाहेर बाकावर बसवून सांगते, "दादा, मोठ्या माणसाच्या कॅन्सरचं गणित इथं लावू नका. ही बरी होणारी गाठ आहे."

सगळ्याच गाठी इतक्या सरळ नसतात. न्यूरोब्लास्टोमा ही त्याच वयातली, बहुतेकदा दोन वर्षांच्या आतबाहेरची, दुसरी गाठ. ती ॲड्रिनल ग्रंथीतून किंवा मणक्याच्या कडेच्या मज्जातंतूंच्या साखळीतून येते. विल्म्स शिरांना बाजूला ढकलते. न्यूरोब्लास्टोमा त्यांना गुंडाळते. पोटातली मुख्य धमनी मणक्यापासून उचलली गेलेली दिसली, गाठ मधली रेघ ओलांडून पलीकडं गेलेली दिसली, आत पांढरे चुन्याचे ठिपके दिसले की माझा संशय तिकडं जातो. सीटीवर तर बहुतेक न्यूरोब्लास्टोमात चुना दिसतोच. आई सांगते त्यातूनही कळतं. विल्म्सचं लेकरू खेळतं-बागडतं असतं; न्यूरोब्लास्टोमाचं बऱ्याचदा किरकिरं, सुकलेलं, पाय दुखतात म्हणून चालायला मागत नाही, कधी डोळ्यांभोवती मार लागल्यासारखं काळंनिळं. गाठ मणक्याच्या छिद्रातून आत शिरली असेल तर पाय लुळे पडायला लागतात. असं लेकरू आलं की उद्या नाही, आजच एमआरआयला पाठवायचं. तिथं तासांचा हिशेब असतो.

याच गाठीची एक नवलाची बाजूही मी पाहिली आहे. परळीकडचं काही महिन्यांचं बाळ, पोट ढोलासारखं ताणलेलं, श्वास लागलेला. यकृतभर गाठी, आणि एका ॲड्रिनलमध्ये छोटासा गोळा. बघणाऱ्याला वाटेल, सगळं संपलं. पण अगदी तान्ह्या बाळांत यकृतात, कातडीत, थोडीफार अस्थिमज्जेत पसरलेला हा आजार पुष्कळदा आपसूक ओसरतो. मोठ्या केंद्रातल्या डॉक्टरांनी त्या बाळावर लक्ष ठेवलं, श्वासासाठी थोडी औषधं दिली, आणि महिन्यामहिन्यानं पोट उतरत गेलं. तेव्हापासून तान्ह्या बाळाच्या बाबतीत "आता काही उरलं नाही" असं कुणी बोललं की मी लगेच थांबवते.

यकृताची गाठ, हेपॅटोब्लास्टोमा, तीन वर्षांच्या आतली. अपुऱ्या दिवसांच्या, अगदी कमी वजनाच्या बाळांत ती जास्त आढळते, आणि अशी बाळं आता आपल्याकडं काचेच्या पेटीतून जगून घरी जातात, ही चांगली गोष्ट आहे. त्यांच्या आयांनी पोटाकडं लक्ष ठेवावं. या गाठीत यकृताचे चार भाग मानून किती भाग मोकळे आहेत ते मोजतात. त्यावर काढता येईल की नाही, यकृत बदलावं लागेल की काय, ते ठरतं. सोबत रक्तातलं एएफपी नावाचं प्रथिन वाढलेलं असतं. मात्र जन्मलेल्या बाळात एएफपी मुळातच खूप असतं आणि वर्षभरात हळूहळू उतरतं, म्हणून नुसता आकडा बघून घाबरू नये, वयाप्रमाणं वाचावा.

थोड्या मोठ्या, पाच ते दहा वर्षांच्या पोराचं पोट दुखतंय, आतड्यात आतडं शिरलंय, आतड्याची भिंत जाड झालीय, गाठी आहेत. इथं आमच्याकडं सगळ्यांच्या मनात पहिल्यांदा टीबी येतो. टीबी आहेच आपल्याकडं, त्यात नवल नाही. पण बर्किट लिम्फोमा, म्हणजे लसिकापेशींचा एक कॅन्सर, असाच दिसतो आणि त्याच्या पेशी एक-दोन दिवसांत दुप्पट होऊ शकतात. टीबीच्या गोळ्या देऊन महिनाभर वाट बघायची चैन तिथं नाही. पोट दोन आठवड्यांत डोळ्यांदेखत वाढलं असेल तर बालरोगतज्ज्ञांना माझा फोन त्याच दुपारी जातो. हा आजार औषधांना फार चांगली दाद देतो, फक्त ती वेळेत सुरू झाली पाहिजेत.

घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. टेबलावर आलेल्या लेकरांत गाठ नसतेच अशीही बरीच असतात. मलमूत्र साठून पोट फुगलेलं असतं. नवजात बाळाच्या पोटातला गोळा तर बहुतेक वेळा किडनीतलाच, आणि तोही कॅन्सर नव्हे. लघवीची वाट अडून किडनी पाण्यानं फुगलेली. पानथरी (प्लीहा) वाढलेली असते, थॅलेसेमियामुळे नाहीतर मलेरियामुळे. मेंढरं राखणाऱ्या घरातल्या एका मुलाच्या यकृतात मी हायडॅटिडची गाठ पाहिली, कुत्र्याच्या विष्ठेतून येणाऱ्या जंताची. मोठ्या पाण्याच्या गाठीच्या आत छोट्या गाठी, इतकं ठळक चित्र की विचार करावा लागला नाही. त्याच्या आईला सांगितलं, "ताई, कॅन्सर नाही." ती तिथंच फरशीवर बसली. मात्र अशा गाठीतही कुणी घाईनं सुई घालू नये, आतलं पाणी पोटात सांडलं तर जिवावर बेतू शकतं.

आता माझ्याच व्यवसायातल्या लोकांना थोडं. "पोटात मोठा गोळा, सीटी करावा" एवढंच लिहिलेला रिपोर्ट हातात घेऊन बाप मुंबईला जातो तेव्हा मला वाईट वाटतं. अर्धा तास आणखी दिला तर त्याच कागदावर कितीतरी मावतं. गाठ कुठल्या अवयवातून उगवली, तिची लांबी-रुंदी-जाडी, दुसरी किडनी आहे का आणि ती कशी आहे (विल्म्स काही मुलांत दोन्हीकडं असते), शिरेत टोक गेलंय का, यकृतात काही, पोटात पाणी, ओटीपोट, आणि मुलगा असेल तर वृषणंसुद्धा. गाठ मोजता मोजताच हे सगळं बघून होतं. मी शेवटी एक ओळ नेहमी लिहिते: पोट वारंवार दाबू नये, सुई तपासणी इथं करू नये. सुई घालायची की नाही, कुठून घालायची, हे मुलांच्या कॅन्सरचं केंद्र ठरवील. मुळात किडनीच्या गाठीत चित्र आणि वय पाहूनच उपचार सुरू करायची पद्धत युरोपात रूढ आहे, आधी औषधं आणि मग ऑपरेशन. अमेरिकेत जमेल तिथं आधी ऑपरेशन. दोन्हीकडं निकाल सारखेच चांगले आहेत. पण दोन्हीकडं कुणीही गावातल्या दवाखान्यात घाईनं पोट उघडत नाही.

सीटीबद्दल माझं मत ठाम आहे. तो लागतो, नाही असं नाही. शिरा, लसिकाग्रंथी, मणक्याजवळचा भाग आणि छातीतले बारीक ठिपके सोनोग्राफीत नीट दिसत नाहीत, आणि विल्म्स पसरते ती आधी फुप्फुसात. पण लेकराच्या अंगाला किरणांचा त्रास मोठ्यांपेक्षा जास्त, आणि त्याच्यापुढं सगळं आयुष्य पडलेलं असतं. म्हणून सीटी एकदाच, पोट आणि छाती एकाच बैठकीत, आणि शक्यतो जिथं उपचार होणार तिथंच. मोठ्या माणसाच्या सवयीनं आधी औषधाशिवाय, मग औषध देऊन, मग पुन्हा उशिरा, असे तीन-तीन फेरे मुलांत करायचे नसतात. शिरेतून औषध दिल्यावर मिनिटभरानं एक फेरा पुरतो, मशीनचं व्होल्टेजही ८० ते १०० किलोव्होल्टवर आणता येतं. २००८ मध्ये अमेरिकेतल्या मुलांच्या रेडिओलॉजिस्टांनी इमेज जेंटली नावाची मोहीम सुरू केली ती याच गोष्टीसाठी, आणि तिथून हा विचार सगळीकडं गेला. आता मशीन इतकी वेगवान आहेत की बऱ्याच लेकरांना झोपवावंही लागत नाही, स्कॅन काही सेकंदांत उरकतो. आईनं शिशाचा ॲप्रन घालून शेजारी उभं राहिलं की पुरतं.

माझे शिक्षक जुन्या फिल्म दाखवायचे, सोनोग्राफी-सीटी यायच्या आधीच्या. शिरेतून औषध देऊन किडनीचा एक्स-रे काढायचे आणि त्या पांढऱ्या रेघांवरून ओळखायचे: रेघा आतून फाकल्या असतील तर गाठ किडनीतली, अख्खी किडनीच खाली ढकलली गेली असेल तर वरच्या ॲड्रिनलची. खिडकीला फिल्म धरून ते तासभर बोलायचे. श्वासाबरोबर काय सरकतं ते बघायची माझी सवय त्यांचीच देणगी आहे.

एमआरआयमध्ये किरणं नसतात, म्हणून मणक्यात शिरलेली गाठ, यकृत, ओटीपोट यांसाठी तो उत्तम. अडचण अशी की अर्धा-पाऊण तास न हलता पडून राहावं लागतं, आणि ते चार वर्षांच्या लेकराला जमत नाही, भूल द्यावी लागते. अगदी तान्ह्या बाळाला पोटभर पाजून, दुपट्यात घट्ट गुंडाळून आत ठेवलं की बऱ्याचदा झोपेतच काम होतं. न्यूरोब्लास्टोमासाठी एमआयबीजी नावाचा वेगळा स्कॅन असतो, त्यात किरणोत्सारी आयोडिन जोडलेलं औषध गाठीच्या पेशींत जाऊन बसतं आणि अंगात कुठं कुठं आजार आहे ते दाखवतं. तो मोठ्या केंद्रातच होतो. लिम्फोमासाठी पेट-सीटी.

पाठवायचं कुठं, तर आमच्याकडून छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कॅन्सर रुग्णालय जवळ, आणि बरेच जण मुंबईला टाटाला जातात. अंबाजोगाईला रेल्वे नाही, लातूरहून रात्रीची मुंबईची गाडी धरावी लागते. कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वेभाड्यात सवलत आहे, सोबतच्या माणसालाही आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचं ऑपरेशन आणि औषधोपचार येतात. रेशनकार्ड आणि आधार दोन्ही सोबत ठेवा, लेकराचं आधार नसेल तर जन्माचा दाखला घ्या. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत टाटाच्या रुग्णांची राहायची सोय होते, लहान मुलांच्या कुटुंबांसाठी सेंट ज्यूडची केंद्रं आहेत. रिपोर्टसोबत स्कॅनची सीडी मागून घ्या. फिल्मवर निवडक चित्रं असतात, सीडीत सगळी असतात. सीडी नसेल तर मुंबईत सीटी पुन्हा करावा लागतो, म्हणजे लेकराला पुन्हा किरणं आणि तुम्हाला पुन्हा खर्च. सीडी कापडाच्या पिशवीत चुरगळू देऊ नका, मी ती दोन पुठ्ठ्यांत घालून देते.

धारूरच्या त्या मुलीला आधी औषधं दिली, गाठ आकसली, शिरेतलं टोकही मागं आलं, मग ऑपरेशन झालं. आता ती तपासणीला माझ्याकडंच येते. उपचार संपल्यावर पहिली काही वर्षं दर काही महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी आणि छातीचा फोटो लागतो, कारण आजार परत आलाच तर बहुतेक पहिल्या दोन वर्षांत येतो. त्यासाठी दरवेळी मुंबई गाठायची गरज नाही. तिथल्या डॉक्टरांना विचारून त्यांनी सांगितलेल्या तारखेला इथं तपासणी करायची, रिपोर्ट आणि चित्रं मी त्याच दिवशी त्यांना पाठवते. प्रवासाचे, राहण्याचे, बुडालेल्या मजुरीचे पैसे वाचतात, आणि तपासणी टळत नाही. मला तर वाटतं जिल्ह्यातल्या, तालुक्यातल्या प्रत्येक सोनोग्राफी सेंटरनं हे काम अंगावर घ्यावं. एकच किडनी उरलेल्या त्या लेकराची ती किडनी किती वाढली, हे मोजून देणं आपल्याला सहज जमण्यासारखं आहे.

आमच्या काउंटरवरच्या मुलींना सांगून ठेवलंय: लहान लेकरू आहे आणि आई म्हणतेय पोटाला काहीतरी लागतंय, तर नंबर लावायचा नाही, चिठ्ठी आणली का विचारायचं नाही, पैशाचं नंतर बघू, आधी आत पाठवा. आशाताईंनी, फडावरून परत आलेल्या बायांनी, मुकादमांनीसुद्धा हे लक्षात ठेवावं. रविवारी सेंटर बंद असतं, पण दवाखान्याच्या वरच आमचं घर आहे. जिन्याच्या बाजूची घंटा वाजवा.